एचएमआयएस ‘बेंगाल’, प्रमाण १:१०० : बांधणीच्या नोंदी

९ जून २०२४

गावच्या वाचनालयाला ११ नोव्हेंबरपर्यंत जहाजाचं एक मॉडेल करून द्यायचं कबूल केलंय. जहाज मीच सुचवलं: रॉयल इंडियन नेव्हीची, म्हणजे इंग्रजी अमलातल्या भारतीय नौदलाची, सुरुंग काढणारी ‘बेंगाल’. १९४२ साली त्याच तारखेला, हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीला असताना तिची दोन जपानी जहाजांशी गाठ पडली. त्या दोघांतलं एक बुडालं, आणि ‘बेंगाल’ व ‘ओंदिना’ दोन्ही बचावल्या. कोकणातल्या वाचनालयाचा तिच्याशी संबंध काय, तर युद्धाआधी या नौदलाची खलाशी भरती मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी आणि पंजाबातून व्हायची. आमच्या पंचक्रोशीत ‘नेव्हीवाले’ म्हणून ओळखली जाणारी घरं अजून आहेत.

पुढे कुणी हीच, किंवा हिच्या तीन बहिणींपैकी एखादी करायला घेतली, तर त्याचे पैसे आणि पावसाळा वाचावा म्हणून या नोंदी. बहिणी म्हणजे ‘बॉम्बे’, ‘मद्रास’ आणि ‘पंजाब’. चौघी ऑस्ट्रेलियात बांधलेल्या, बाथर्स्ट वर्गातल्या, म्हणजे एकाच आराखड्यावरच्या. त्या वर्गाची एकूण ६० जहाजं झाली, त्यातली ४ आपल्याकडे आली. यातली ‘बॉम्बे’ ३१ मे १९४२ च्या रात्री सिडनी बंदरात होती, जपानी बुटक्या पाणबुड्या आत घुसल्या तेव्हा. तिचंही मॉडेल कुणीतरी करावं.

‘बेंगाल’ची मापं: लांबी ५६.७ मीटर, रुंदी ९.४, पाण्याखाली २.६. प्रमाण १:१०० धरलं की हिशेब तोंडी होतो, ५६७ मि.मी. लांब आणि ९४ मि.मी. रुंद. पाण्याखालचा भाग करणार नाही. जहाज समुद्रात धावताना दाखवायचंय, गोदीत नाही.

एक ठरवून टाकलं. हे ‘बाथर्स्ट वर्गाचं जहाज’ होणार नाही, ‘११ नोव्हेंबर १९४२ च्या सकाळची बेंगाल’ होणार. बोलायला छोटा फरक वाटतो, पण सगळी डोकेदुखी तिथंच आहे.

१६ जून

आराखड्याची प्रिंट काढून आणली. झेरॉक्सवाल्याच्या मशिननं कागदात बसवण्यासाठी चित्र आपोआप बारीक केलं. घरी पट्टी लावली तर ५६७ च्या जागी ५४५. चार टक्क्यांचा फरक डोळ्याला अजिबात कळत नाही. फासळ्या कापून झाल्यावर कळला असता तर प्लायवूडची आख्खी शीट भंगारात. म्हणून आधी चित्राच्याच खाली १०० मि.मी.ची एक सरळ रेघ काढून घ्या आणि दुकानातच पट्टी लावून बघा. ती ९६ भरली तर पैसे देऊ नका. दुसरी प्रिंट बरोबर आली. मोठ्या कागदाचे ९० रुपये वाया.

२३ जून

सगळ्यात मोठी मदत मेलबर्नहून आली. भाचा तिकडे नोकरीला आहे. बाथर्स्ट वर्गातली दोनच जहाजं आज संग्रहालय म्हणून उरली आहेत: मेलबर्नजवळ विल्यम्सटाऊनला जेम पिअरवर ‘कॅसलमेन’, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात ‘वायॲला’, जी चक्क जमिनीवर ठेवलीय. भाचा रविवारी ‘कॅसलमेन’वर गेला आणि मोजमापाची टेप धरून फोटो काढले. तिथले स्वयंसेवक म्हातारे, हौशी. त्यांना कळलं की भारतातल्या कुणालातरी हिची भारतीय बहीण करायचीय, तर त्यांनी एरवी बंद असलेली दारंही उघडून दिली.

भाच्याचा व्हॉट्सॲप आला: “मामा, पुढची तोफ तुमच्या चित्रातल्यापेक्षा बरीच मोठी आहे. आणि मागे अजून एक आहे, ती तर चित्रात नाहीच.”

बरोबरच आहे. मागची आहे ती बोफोर्स, ४० मि.मी.ची. ‘कॅसलमेन’वर ती नंतर चढवलेली. युद्ध जसं पुढे सरकलं तसतशी या जहाजांवर भर पडत गेली. आज जे जहाज उभं आहे ते युद्धाच्या शेवटाकडचं, आणि मला करायचंय ते १९४२ चं. संग्रहालयातल्या जहाजावरून कठडे, झरोके, दारं, शिड्या, नळ्या बिनधास्त घ्या. शस्त्रं मात्र तिथून उचलू नका.

७ जुलै

सांगाडा उभा केला आणि वाकडा झाला.

चार मि.मी. प्लायचा उभा कणा, त्यावर आडव्या फासळ्या, त्यांवर बाल्साच्या पट्ट्या फेविकॉलनं चिकटवल्या. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाआड एक लावत गेलो, नियमाप्रमाणे. मग मुसळधार पावसाचा आठवडा लागला. घरात वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस वाळत नव्हता, तिथं बाल्सा काय वाळणार! लाकूड ओल पिऊन फुगलं आणि फुगताना कण्याला सोबत घेऊन गेलं. टेबलावर ठेवून बघितलं तर नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, डावीकडे ४ मि.मी. झुकलेली. खऱ्या जहाजावर ते ४० सेंटिमीटर होतात.

वजनं ठेवून पाहिली. ओला कपडा गुंडाळून, उलट दिशेला बांधून पाहिलं. दोन दिवस सरळ राहतं आणि पुन्हा मूळपदावर येतं. सोडून दिलं. प्लाय, बाल्सा आणि फेविकॉल मिळून सुमारे ११०० रुपये आणि तीन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या.

१४ जुलै

नवीन सांगाडा. या वेळी कणा लाकडाचा नाहीच. भंगारवाल्याकडून सरकत्या खिडकीचा ॲल्युमिनिअमचा चौकोनी पाइप आणला, ४० रुपयांत. तो मधोमध, त्याला दोन्ही बाजूंनी फासळ्या एपॉक्सीनं. वर बाल्साऐवजी पांढरी पीव्हीसी फोम शीट, २ मि.मी.ची, साइनबोर्डवाल्यांकडे तुकड्यांत मिळते. पाणी पीत नाही, गरम हवेनं वळते, पॉलिश पेपरनं घासली जाते. तुकडे त्यांच्या कचऱ्यातूनच उचलू दिले त्यांनी, चहापाण्यात काम झालं.

एक धोका आहे. हेअर ड्रायर जास्त जवळ धरला तर फोमला फोड येतात आणि ते घासूनही जात नाहीत. हातभर अंतर ठेवा, घाई करू नका. नाळेजवळचा वळसा सगळ्यात अवघड. तिथं एकच रुंद तुकडा वळवण्यापेक्षा तीन अरुंद लावा आणि फटींत एम-सील भरा.

२८ जुलै

कवच पूर्ण. झरोके पाडले. खऱ्या झरोक्याचा व्यास साधारण ३० सें.मी. धरला तर इथे ३ मि.मी. होतो. ड्रिलनं फोमची कड फाटते. तांब्याच्या नळीच्या तोंडाला धार लावून हातानं फिरवत पाडली की स्वच्छ येतात.

११ ऑगस्ट

पूल (जिथून कप्तान जहाज चालवतो ती उंच जागा) आणि धुराडं. ‘बेंगाल’ ८ ऑगस्ट १९४२ ला सेवेत दाखल झाली, सिडनीच्या कॉकटू गोदीतून. म्हणजे लढाईच्या वेळी ती जेमतेम तीन महिन्यांची. हे मॉडेल करणाऱ्याच्या फायद्याचं आहे: गंजाचे ओघळ, जुन्या रंगाचे पापुद्रे, दोरखंडांनी घासलेल्या खुणा, ज्यांवर आजकाल लोक आठवडे घालवतात, त्या हिच्यावर फारशा नकोत. मोठा प्रवास ती पहिल्यांदाच करत होती.

पुलावरची जागा उघडी आहे, छप्पर नाही. तिथं लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन उभे होते. १७ मि.मी.ची एक आकृती उभी केली आहे. तिला चेहरा देणार नाही, प्रमाण तेवढं सोसत नाही.

२५ ऑगस्ट

आता तोफ. या नोंदींतला बाकी मजकूर वगळून एवढंच वाचलं तरी चालेल.

बाथर्स्ट वर्गाच्या आराखड्यात नाळेकडे ४ इंची तोफ आहे. पण जहाजं भराभर बांधली जात होती आणि तोफा तेवढ्या वेगानं मिळत नव्हत्या. म्हणून या वर्गातल्या काही जहाजांवर १२ पौंडी, म्हणजे ३ इंची तोफ बसवून त्यांना समुद्रात सोडलं. ‘बेंगाल’बद्दल लिहिणाऱ्यांचे दोन तट आहेत. काही ४ इंची लिहितात, काही १२ पौंडी. मी १२ पौंडी धरली. ४ इंची हा वर्गाच्या तक्त्यातला आकडा आहे, आणि तक्त्यातला आकडा उचलून त्या वर्गातल्या प्रत्येक जहाजाला चिकटवणं फार सोपं असतं. उलट, जे लिहिणारे मुद्दाम तक्ता सोडून १२ पौंडी लिहितात, त्यांनी काहीतरी बघूनच लिहिलं असणार.

दोघींची नळी तोंडाच्या व्यासाच्या ४० पट लांब. म्हणजे ४ इंचीची ४ मीटरच्या थोडी वर, १२ पौंडीची ३ मीटरच्या थोडी वर. माझ्या मापात ४०.६ आणि ३०.५ मि.मी. एक सेंटिमीटरचा फरक. आणि नाळेवर तो दिसतो! मोठी तोफ बसवून बघितली तर जहाज दादागिरी करायला निघाल्यासारखं दिसतं. छोटी बसवली की तिच्या पुढे डेक रिकामा रिकामा वाटतो. तो रिकामेपणा मला हवा होता.

नळीसाठी पितळी रॉड लेथवर निमुळता करून पाहिला, दोन तुटले. मग औषधांच्या दुकानात गेलो. १८ गेजची इंजेक्शनची सुई: बाहेरून १.२७ मि.मी., आतून ०.८४. मला तोंडाशी आतून ०.७६ हवं होतं. इतकं जवळ कुठलंच तयार सामान आलं नसतं. सुई तोंडाला, तिच्यावर मागच्या निम्म्या भागात पितळी नळीची बाही, आणि जोडावर पुट्टी भरून उतार. सुई पक्कडनं कापू नका, तोंड चपटं होतं आणि भोक बुजतं. छोट्या ग्राइंडरच्या कटिंग डिस्कनं, चष्मा घालून कापा. सुयांचं टोक आधी कापून, जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाकून, तो डबा दवाखान्यात दिला. घरात लहान मुलं असतील तर हे काम ती झोपल्यावरच करा.

पुलाच्या दोन्ही बाजूंच्या ओर्लिकॉन, म्हणजे विमानविरोधी छोट्या तोफा, २० मि.मी.च्या. त्यांना इन्सुलिनची सुई. या मापात ओर्लिकॉनचं तोंड ०.२ मि.मी. होतं आणि इन्सुलिनची सुई बाहेरून ०.२५. फसवायला पुरेशी आहे.

तोफेची बैठक चिकटवलेली नाही. डेकवर २ मि.मी.चं भोक, बैठकीखाली तेवढीच खुंटी. दुसरी, ४ इंची तोफही करून ठेवली आहे. ती पेटीच्या तळाशी एका डबीत जाईल. उद्या कुणी कागदपत्रं घेऊन आलं आणि मला खोटं पाडलं, तर तोफ बदलायला दोन मिनिटं लागतील.

१९ सप्टेंबर

गणपतीत काम बंद होतं. मॉडेल माळ्यावर टाकलं होतं, मखराच्या थर्माकोलशेजारी. कशालाही धक्का लागला नाही, हे आश्चर्यच.

२२ सप्टेंबर

कठडे. एक मीटर उंचीचे, म्हणजे १० मि.मी. खुंट्या ०.४ मि.मी.च्या पितळी तारेच्या, आडव्या तारा ०.२ च्या. तार मुंबईत पायधुणीला तांबा काट्याजवळच्या दुकानातून वजनावर घेतली. छंदवाल्यांच्या दुकानात तीच तार छोट्या वेटोळ्यांत अनेक पट भावानं मिळते.

पहिला प्रयत्न सोल्डरिंगचा. तिसरी खुंटी जोडली की गरमीनं दुसरी सुटते, दुसरी जोडली की पहिली. ओल्या कापसाच्या वाती बाजूच्या जोडांवर गुंडाळल्यावर सुटणं थांबलं. पण खरी सुधारणा झाली ती लाकडी फळीवर खाचा पाडून साचा केला तेव्हा. खुंट्या खाचांत, आडव्या तारा वरून ताणून दोन टोकांना टाचणीनं बांधलेल्या, आणि मग एकेका जोडाला फक्त टेकवायचं. वीतभर कठडा एका बैठकीत होतो.

तोफेच्या पुढे आणि दोन्ही बाजूंना कठड्याच्या तारा खाली पाडलेल्या दाखवल्या आहेत. तोफ फिरवायची तर तारा मध्ये येतात. त्या ताठ ठेवल्या तर जहाज फोटो काढून घ्यायला उभं राहिल्यासारखं वाटतं.

२९ सप्टेंबर

रंग. फार वाईट दिवस.

स्प्रेनं राखाडी मारला. अर्ध्या तासात सगळ्या जहाजावर पांढरट धूसर थर आला, दुधाची साय धरावी तसा. हवेत ओल असली की लॅकर वाळताना गार पडतं आणि पाणी आत अडकतं. पाऊस थांबला होता, पण भिंती अजून घाम देत होत्या. रंगाच्या डब्याचा काही दोष नाही.

उपाय असा सापडला: ऑटोमोबाइल रंगाच्या दुकानात ‘रिटार्डर’ नावाचं थिनर मिळतं, ते वाळणं हळू करतं. तेवढंच हलक्या हातानं वरून फवारलं तर साय निघून जाते. गेलीही, दोन जागा सोडून. त्या घासून पुन्हा मारल्या. अर्थात ऑक्टोबरचं ऊन येईपर्यंत थांबलो असतो तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

छटेबद्दल: काळ्या-पांढऱ्या फोटोवर बोट ठेवून “हा अमुक नंबरचा निळसर राखाडी” असं ठामपणे सांगणाऱ्यांपासून लांब राहा. त्या काळच्या फिल्मवर निळा कधी पांढरा दिसतो, कधी काळा. मी मध्यम राखाडी घेतला आणि त्यात किंचित पांढरा मिसळला, कारण इतक्या लहान वस्तूवर खरी छटा नेहमी जास्त गडद वाटते. बाजूवर नंबर जे २४३.

१३ ऑक्टोबर

पिछाडी. हे जहाज कागदोपत्री सुरुंग काढणारं. त्यामुळे मागे विंच, तारांची रिळं, पाण्यात सोडायचे तरंगते, ते उचलायचे वाकडे खांब, आणि त्यांच्याच गर्दीत पाणबुडीवर टाकायचे डेप्थ चार्ज. जागा इतकी कमी की खलाशी तिथून चालायचे कसे, असा प्रश्न पडतो. डेप्थ चार्जच्या पिंपांसाठी पेनाच्या रिफिलचे तुकडे एकदम मापात बसतात.

हे करताना एक गोष्ट हातांना कळली. मागच्या अर्ध्या जहाजावरची सगळी आयुधं पाण्याखालच्या शत्रूसाठी आहेत. त्या सकाळी शत्रू पाण्यावर होता, आणि त्याच्यासाठी होती ती फक्त नाळेकडची सुई. ‘बेंगाल’ला वळून त्यांच्या अंगावर जावं लागलं, त्यात ‘ओंदिना’ला निसटायला वेळ देणं तर होतंच, पण ही एकच मोठी तोफ पुढच्या बाजूला होती हेही विसरू नये.

२० ऑक्टोबर

झेंडा. मागच्या काठीवर ब्रिटिश नौदलाचा पांढरा एन्साइन, म्हणजे निशाण, रॉयल इंडियन नेव्हीची जहाजं तोच लावत. वाचनालयातून फोन आला होता की तिरंगा लावता येईल का. १९४२ साली नाही लावता येत. नाळेच्या काठीवर भारताचा तारा असलेला निळा जॅक, म्हणजे नाळेवरचा छोटा झेंडा, करून ठेवला होता, तोही काढला. धावत्या जहाजावर नाळेला जॅक नसतो, तो नांगर टाकल्यावर.

झेंडा टिश्यू पेपरवर छापून, पातळ फेविकॉलमध्ये भिजवून, अर्धवट ओला असताना बोटांनी दुमडायचा. कडक वाळला की दुमडी फाटते.

२७ ऑक्टोबर

समोरच्या, म्हणजे बुडालेल्या जपानी जहाजाचं काय करायचं? पूर्ण बांधणं अशक्य, आणि न दाखवणं म्हणजे गोष्ट अर्धी. शेवटी ३ मि.मी. सनबोर्डची काळी आकृती कापली, पेटीच्या मागे भिंतीवर लावायला. ‘होकोकू मारू’, सुमारे १६० मीटर. १:१०० मध्ये १ मीटर ६० सेंटिमीटर. माझं जहाज तिच्यापुढे ठेवलं आणि बायको म्हणाली, “हे त्याच्याशी भांडलं?”

मुळात ते ओसाका शोसेन कंपनीचं प्रवासी-मालवाहू जहाज, दहा हजार टनांच्या वर. युद्धात जपानी नौदलानं ते आणि त्याचं जुळं ‘आइकोकू मारू’ शस्त्रं चढवून व्यापारी जहाजांच्या शिकारीला सोडलं. प्रत्येकावर १४ सेंटिमीटरच्या आठ तोफा, टॉर्पेडो, आणि टेहळणीची विमानं. वेग २१ नॉट. ‘बेंगाल’चा जेमतेम १५, त्यामुळे पळून जाणं हा पर्यायच नव्हता. त्यांच्या तोफेचा एक गोळा ३८ किलोचा, १२ पौंडीचा पावणेसहा किलोच्या आसपास. आकृतीवर त्यांच्या तोफांच्या नळ्या ७० मि.मी.च्या कापल्या आहेत. बघणाऱ्याला माझी ३० ची सुई शोधावी लागेल, आणि शोधावी लागावी हाच हेतू आहे.

१६० सें.मी.चा बोर्ड रिक्षात मावत नाही. मधोमध कापून मागून कापडी पट्टीची बिजागरी लावली.

४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. पाटी लिहिण्यावरून वाचनालयाच्या कार्यवाहांशी दोन दिवस वाद चालू आहे. त्यांचा मजकूर: ‘भारतीय नौकेने एकटीने बलाढ्य जपानी युद्धनौका बुडवली.’ मी म्हटलं, यातले तीन शब्द काढा: एकटीने, युद्धनौका आणि बुडवली. ते म्हणाले, “अहो, मग उरलं काय?”

उरलं ते असं. ‘होकोकू मारू’ युद्धनौका म्हणून बांधलेली नव्हती, शस्त्रं चढवलेलं व्यापारी जहाज होतं. ‘बेंगाल’ एकटी नव्हती. ‘ओंदिना’च्या पिछाडीला एक ४ इंची तोफ होती आणि तिच्यासाठी गोळे होते फक्त ३२. ती तोफही पहिल्यापासून चालू होती. दोघींचा मारा सुरू असताना एक गोळा ‘होकोकू मारू’च्या टॉर्पेडोंच्या जागी लागला, स्फोट झाला, आग दारूगोळ्यापर्यंत पोचली आणि ते जहाज फुटून बुडालं. तो गोळा ‘बेंगाल’चा की ‘ओंदिना’चा, यावर दोन्हीकडचे लोक आजवर भांडत आले आहेत. वाचनालयाच्या पाटीवर तो निकाल लावायचं काही कारण नाही.

आणि पुढचं सांगितलं नाही तर ‘ओंदिना’वर अन्याय होतो. ‘बेंगाल’ला गोळे लागले, आग लागली, पण माणूस एकही गेला नाही. दारूगोळा संपत आल्यावर ती धुराचा पडदा करून निघाली. ‘ओंदिना’चे गोळे संपले. तिचे कप्तान विलेम हॉर्समन यांनी जहाज सोडायचा हुकूम दिला आणि ते स्वतः पुलावर मारले गेले. ‘आइकोकू मारू’नं जवळ येऊन तिला टॉर्पेडो मारले, होड्यांवर मशिनगन चालवली, आणि ती बुडणारच असं धरून आपल्या लोकांना वाचवायला परत फिरली. तिकडे ‘होकोकू मारू’वरच्या ३५४ जणांपैकी ७६ गेले होते. पण ‘ओंदिना’च्या टाक्यांत तेल नव्हतं. रिकाम्या टाक्यांवर ती तरंगत राहिली. होड्यांतले लोक पुन्हा वर चढले, आगी विझवल्या, इंजिन चालू केलं, आणि ऑस्ट्रेलियातल्या ज्या फ्रीमँटलहून निघाले होते तिथंच परत गेले. ‘बेंगाल’ तोवर हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाला पोचली होती आणि ‘ओंदिना’ गेली असं कळवून मोकळी झाली होती. त्यामुळे ‘ओंदिना’नं बिनतारी संदेशानं डॉक्टर मागितला तेव्हा किनाऱ्यावरच्यांना वाटलं, जपान्यांचा डाव आहे.

कार्यवाह हे सगळं ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, “पाटी मोठी करावी लागेल.” सुताराला जास्तीचे १५० रुपये.

९ नोव्हेंबर

मॉडेल गावी नेलं. रात्रीच्या एसटीत मांडीवर. पेटीचा ॲक्रिलिकचा डबा वेगळा नेला, कारण तो बसवून नेला तर प्रत्येक खड्ड्यात काचेला डोलकाठी आपटते. तळाच्या फळीतून वर जाणारे दोन स्क्रू थेट ॲल्युमिनिअमच्या कण्यात शिरतात, त्यामुळे जहाज जागचं हललं नाही. भंगारवाल्याच्या ४० रुपयांची ही दुसरी वसुली. डाव्या बाजूचा कठडा मात्र कुणाच्या तरी कोपरानं वाकला. चिमट्यानं सरळ केला, एक खुंटी अजून तिरकी आहे.

१७ नोव्हेंबर

११ तारखेला पेटी उघडली. शाळेतली मुलं थेट काळ्या आकृतीकडे जातात आणि मग विचारतात की आपलं कुठलं.

खर्च: वाया गेलेलं धरून साडेसहा हजारांच्या आसपास, त्यात ॲक्रिलिकची पेटीच २४०० ची. रंग आणि थिनर ९००. जहाजाचा स्वतःचा ऐवज, म्हणजे फोम, पितळ, सुया आणि धागे, १५०० च्या आत बसला.

पेटीबद्दल शेवटचं. कोकणात बंद पेटी ठेवली तर पहिल्या पावसात आतून बाष्प धरणार आणि कठड्यांचं पितळ हिरवं पडणार. तळाच्या फळीला मागच्या बाजूनं ६ मि.मी.ची चार भोकं पाडून आतून बारीक जाळी चिकटवली आहे, मुंग्या येऊ नयेत म्हणून. सिलिका जेलची पुरचुंडी ४ इंची तोफेच्या डबीशेजारी आहे. जूनच्या आधी ती तव्यावर गरम करून परत ठेवायची, हे ग्रंथपालांना लिहून दिलंय.